बोटीवरचा वर्ग

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने तिथे काय काय पाहिलं ते चार लोकांना दाखवायचं, असा आमच्या मुलुंडमध्ये त्या काळी दंडकच होता. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होते. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. एका संस्थेने आमच्या मुख्याध्यापिकांना आणि मला इंग्लंडला बोलावलं, अगदी लहान मुलांना तिथे कसं शिकवतात ते बघायला. परतल्यावर शाळेच्या अध्यक्षांचा निरोप आला की गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये स्लाइड्स दाखवा, आरतीच्या आधी.

अध्यक्ष आमच्या शाळेचेही होते आणि गणेशोत्सव मंडळाचेही. शाळेची वरची खोली रिकामी झाली होती. ती शिवणवर्गाला द्यायची की मला, हे ते त्याच संध्याकाळी ठरवणार होते. मला ती हवी होती दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी. शाळेचा नियम असा की मूल पाच वर्षांचं झाल्याशिवाय प्रवेश नाही. म्हणजे ज्या वयात इतर पोरं बोलून बोलून आईचं डोकं खातात, ती सगळी वर्षं आमच्या पोरांनी घरात मुक्याने काढायची. या नियमाची मला चीड होती आणि ती मी लपवतही नसे.

हॉलमध्ये शेवटच्या रांगेत कांजूरमार्गची एक बाई तिच्या अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. मीच तिला बोलावलं होतं. माणसं कोकणातली, नवरा गिरणी बंद पडल्यावर वॉचमनचं काम करत होता. शाळेतलं एक जुनं श्रवणयंत्र मी नियमाबाहेर जाऊन त्या मुलाच्या छातीवर बांधलं होतं, डबीसारखं, कानात वायर गेलेलं. खोली मिळाली तर वर्गातलं पहिलं मूल हेच, असं मी तिला सांगून बसले होते. नाही मिळाली तर तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघायचं, हा घोर मला सकाळपासून लागला होता.

आता इंग्लंडचं सांगते. आम्हाला जिच्याकडे पाठवलं होतं, ती बाई तिथली मोठी संशोधक. पहिल्या दिवशी मी फायली, प्रश्न सगळं तयार करून गेले, तर ती म्हणाली, चला, प्राणिसंग्रहालयात भेटू. दुसरी बैठक किल्ल्यात, तिसरी नदीवर बोटीत. मी मनातून पार उखडले. अभ्यासाला आलोय आणि ही आम्हाला स्थळदर्शन घडवतेय. मग बोटीत बसल्यावर समजलं की हाच तिचा वर्ग. चिमुरडी बहिरी मुलं, त्यांच्या आया आणि ती. मुलाला ज्याचं अप्रूप वाटेल ती वस्तू आईने आपल्या ओठांजवळ धरायची, तिचं नाव घ्यायचं आणि थांबायचं. मूल तोंडाकडे बघेपर्यंत थांबायचं. चार भिंतींत कुठल्या पोराला कशाचं अप्रूप वाटणार, असं ती म्हणे. आमच्या सगळ्या चर्चा, सगळे वादविवाद त्या बोटीवर आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर झाले, आणि दहा वर्षांच्या नोकरीत शिकले नव्हते ते मी तिथे शिकले.

कॅमेरा मात्र मुख्याध्यापिकांकडे होता. त्यांच्या मते फोटोत इमारत अख्खी यायला हवी, माणसांची गर्दी नको. त्यामुळे किल्ला बुरुजापासून पायथ्यापर्यंत आलेला आणि खाली कोपऱ्यात एक टोपी. पूल अख्खा आणि बोटीच्या कडेला एका आईचा अर्धा चेहरा. स्लाइड्स धुऊन आल्या तेव्हाच कळलं की यांत वर्ग कोणाला दिसायचा नाही. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, तसं बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, अगं, लोकांना आधी जरा फॉरेन बघू दे, खूश झाले की मग तू बोल.

लोक खूश झाले, त्यात वाद नाही. दिवे मालवले, भिंतीवर किल्ला उमटला आणि थंडी किती होती, स्वेटर इथूनच नेला का, जेवणाचं काय केलंत, यांतच वेळ जाऊ लागला. बाहेर मांडवात माइकची खुडबुड सुरू झाली होती. साडेसातची आरती कोणासाठी थांबत नसे. मी घाईघाईने बोटीच्या स्लाइडवर आले आणि काठीने तो अर्धा चेहरा दाखवला. म्हटलं, ही आई बदकांना घालायचा पाव ओठांशी धरून थांबलीय, मुलाने हात पुढे केलाय तरी देत नाहीये, हे बघा. लोक पूल बघत होते. मी पुन्हा सांगितलं. मागून कोणीतरी विचारलं, पूल किती जुना असेल?

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"बाई, सगळं झकास. पण शाळा कुठेय?"

"हीच शाळा," मी म्हटलं.

हॉल हसला. आम्हालाही घाला या शाळेत, असं एकाने म्हटलं. माझं डोकं सणकलं. मी म्हणाले की तुमची वयं गेली, मला अडीच वर्षांची मुलं हवीत. हे बोलायला नको होतं असं मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. अध्यक्ष हसले नाहीत. फिरून आलात, चांगलं झालं, ते म्हणाले. पण खोली द्यायची तर कमिटीला काहीतरी दाखवायला नको का? शिवणवर्गाच्या बायका निदान शिवलेलं दाखवतात. एवढ्यात बाहेर घंटा वाजली, दिवे लागले आणि सगळे उठले.

मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिले. शेवटच्या रांगेतली ती बाई मुलाला कडेवर घेऊन माझ्यासाठी थांबली होती. आम्ही मांडवात जाऊन मागे उभ्या राहिलो.

आरती सुरू झाली. कोणीतरी मुलाच्या डोक्यामागेच झांज वाजवली आणि मुलाने झटकन मान वळवली. अध्यक्षांनी ते पाहिलं. आरती संपल्यावर पेढ्यांचं ताट घेऊन ते आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "याला ऐकू येतं की! मग याला कशाला आमच्या शाळेत आणताय?"

मी हादरलेच. झांज कानाशी वाजली तर तिचा दणका कोणालाही कळतो, बोलणं कळणं वेगळं, असं मी सांगू लागले. पण आजूबाजूला गणपतीबाप्पाचा गजर चालू होता आणि त्यांचं लक्ष रांगेकडे होतं. माझ्या मनात आलं, झालं, खोलीही गेली आणि पाचव्या वर्षीचा प्रवेशही आता हे अडवणार. वाट लागली.

त्यांनी मुलाच्या आईच्या हातावर पेढा ठेवला. मुलाने झडप घातली. बाईने पेढा उचलून आपल्या ओठांजवळ धरला.

"पेढा," ती म्हणाली, आणि थांबली.

मुलाने तिचा हात ओढला. ती थांबलेलीच. मुलाने भोकाड पसरलं, तिला मारायला लागला. मागे रांग तुंबली. दे ना गं त्याला, पोराला कशाला रडवतेस, असे आवाज यायला लागले. अध्यक्षही म्हणाले की देवाचा प्रसाद आहे, असं करू नये.

"वायच थांबा," ती म्हणाली. "तेका आधी माझ्याकडे बघूंदे."

इंग्लंडमध्ये या एका गोष्टीला आठवडे लागत, तेही शांत जागी. इथे माइक, झांजा, शंभर माणसं. मुलाने बघितलं नाही तर सगळ्यांच्या समोर सगळंच संपलं. तिला थांबवावं असं दोनदा वाटलं. पण जे मी हॉलमध्ये काठी आपटून सांगत होते ते एकट्या तिने ऐकलं होतं. तिला पुरे कर म्हणायला माझी जीभ रेटेना.

मुलगा रडून दमला. पेढा कुठे आहे म्हणून त्याने वर पाहिलं, आणि पेढ्याशेजारी आईचं तोंड होतं.

"पेढा," ती पुन्हा म्हणाली.

तो बघत राहिला. मग त्याने ओठ घट्ट मिटले आणि उघडले. आवाज नव्हता, नुसता फुंकरीसारखा प. तिने लगेच पेढा त्याच्या हातात दिला आणि त्याच्या गालावरचं पाणी पदराने पुसलं.

अध्यक्ष ताट धरून तसेच उभे होते. त्यांनी मला विचारलं, "तिकडे बोटीवर हेच चाललं होतं?"

"हेच," मी म्हटलं.

"मग मघाशी नीट सांगायचं ना, बाई."

दुसरी कुठली वेळ असती तर मी त्यांना चांगलंच सुनावलं असतं. पण तोवर त्यांनी ताट दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, आणि एक पेढा उचलून ते गुडघ्यांवर हात टेकत मुलासमोर वाकले होते. पेढा त्यांनी आपल्या मिशांपाशी धरला. म्हणाले, पेढा, आणि थांबले. मूल त्यांच्याकडे टकामका बघत होतं. रांग जागची हलली नाही, आणि या वेळी मागची माणसंही माना उंचावून बघत होती.

"वरच्या खोलीत नळ नाही," मुलावरची नजर न काढता ते मला म्हणाले. "चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. "पाणी आम्ही खालून भरून आणू."