मापमावशीचा आकडा

लहान मुलांच्या ओपीडीत दाराशेजारची खोली मापमावशीची. एक वजनकाटा, लांबी मोजायची लाकडी फळी आणि डोक्याचा घेर घ्यायची टेप, एवढाच तिचा संसार. बावीस वर्षं ती तिथे बाळं मोजत होती. विभागाच्या मुख्य डॉक्टरीणबाई तिचा आकडा डोळे मिटून घेत, आणि मावशीला त्याचा ताठा होता. उगाच कशाला लपवायचा?

एका सकाळी शिकाऊ डॉक्टरांपैकी एका उंच पोरानं साडेतीन महिन्यांच्या मुलीची लांबी घेतली आणि कार्डावर चोपन्न लिहिलं. मावशीनं वरची ओळ वाचली.

"अहो डॉक्टर, दीड महिन्यापूर्वी पंचावन्न होती. पोरगी धुण्यात आटली की काय?"

बाकीचे खिदळले. पोराचे कान लाल झाले. "मावशी, ती पाय सरळच करू देत नव्हती."

"कुठलं बाळ देतं? डोकं आईला वरच्या पट्टीला टेकवून धरायला सांगायचं. आपण गुडघे हलकेच दाबायचे. तळवे खालच्या पट्टीला नीट टेकले, की मग वाचायचं."

तिनं स्वतः तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पंचावन्न पूर्णांक चार.

"चला, आटली नाही!" पोरानं सुस्कारा सोडला.

मावशी मात्र हसली नाही. दीड महिन्यात चार मिलिमीटर? तीन-चार सेंटिमीटर तरी वाढायला हवी होती. वजन बरं होतं, म्हणून एरवी कुणी मान वर करून पाहिलंही नसतं.

"रात्री जागवते का गं?" तिनं आईला विचारलं.

"छे हो मावशी! रडतच नाही. दुधालासुद्धा उठवावं लागतं. शी तेवढी चार-चार दिवसांनी होते. सासूबाई म्हणतात, असं शहाणं बाळ आपल्या घराण्यात झालंच नाही."

मावशीनं बाळाच्या पोटावर हात ठेवला. कातडी गार, कोरडी. बेंबी फुगलेली. जाडसर जीभ ओठांबाहेर डोकावत होती. रोगाचं नाव घेणं मावशीचं काम नव्हतं, पण कार्ड हातात घेऊन, रांग मोडून ती थेट आत गेली.

"बाई, ही वाढत नाहीये. तीनदा मोजली."

बाईंनी पुन्हा मोजायला सांगितलं नाही. रक्त तपासायला पाठवलं. मुलीची थायरॉईड ग्रंथी जवळजवळ कामच करत नव्हती. रोज एक छोटी गोळी, चुरून चमचाभर पाण्यातून, असं ठरलं.

"जन्मल्याबरोबर कळतं तर जास्त बरं झालं असतं," बाईंनी आईला स्पष्ट सांगितलं. "पण आता एकही दिवस चुकवू नका. पोर वाढीला लागेल, बघा."

आईनं चुकवला नाही. कार्डावरची रेघ महिन्यागणिक वर चढू लागली. थोडी उशिरा का होईना, पोरगी आधाराशिवाय बसली, आणि मापाला आली की मावशीची टेप हिसकावू लागली.

नवी तुकडी आली, तेव्हा बाईंनी पहिला तास मावशीच्या खोलीत ठेवला. पंधरा भावी डॉक्टर वह्या उघडून दाटीवाटीनं उभे राहिले. मावशीनं आधी प्रत्येकाला हात धुवायला लावले, मगच फळीला हात लावू दिला.

संध्याकाळी लेकीनं चेष्टेनं विचारलं, "काय गं आई, आता कॉलेजात शिकवतेस म्हणे?"

सातवीत शाळा सुटलेल्या मावशीनं पदर सारखा केला.

"हो," ती म्हणाली. "शिकवते."