सुतळीचे राहिलेले सिनेमे

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. सव्वीस वर्षं थिएटरच्या मशीनखोलीत एकटीनं काढल्यावर कुणाचाही स्वभाव असाच होईल. खोली म्हणजे तरी काय, दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद, मधे दोन प्रोजेक्टर आणि पडद्याकडच्या भिंतीला वहीएवढ्या दोन खिडक्या. रोजचे सिनेमे आता कॉम्प्युटरवरून लागतात, ते मॅनेजर खालूनच बटण दाबून करतो. माझी मशीन्स चालतात ती फक्त रविवारी सकाळी, फिल्म मंडळाच्या खेळाला. त्या खोलीत दुसरं कुणी आलेलं मला खपत नाही. तरी सुतळी आली आणि राहिली.

सुतळी हे मी ठेवलेलं नाव. अंगानं तशीच होती, आणि बोलताना स्वतःच्याच गाठीत अडकायची. वय बावीस. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, मुंगीएवढे स्क्रू पिळायचे, हे तिचं काम. एका रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, इथून बघू का? कशाला हात लावणार नाही."

"खाली एवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत, त्या काय खातात तुला?"

"खुर्च्या नाही हो," ती म्हणाली. "माणसं."

मला हसू आलं आणि तिथंच मी फसले.

माणसं म्हणजे मंडळाची. खेळ संपला की बाहेर चहा घेत तासभर बोलत उभी राहायची. "तो पाहिलास का? नाही? अगं, मग त्याच्या आधीचा? तोही नाही? मग तू पाहिलंस तरी काय!" वाईट नव्हती बिचारी, पण आपण काय बोलतो ते ऐकायची सवय नव्हती. त्यात एक जण होता, कुठल्याही सिनेमाचं नाव निघालं की म्हणायचा, "मी तीन वेळा पाहिलाय." त्याला मी मनात तीनवेळा म्हणायचे. एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. आणि सगळ्यांचे म्होरके एक निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे सर म्हणायचे. सरांनी मान डोलावली की तो सिनेमा चांगला, एवढं सोपं होतं.

सुतळीचं घर एका खोलीचं. वडील बेकरीत रात्रपाळीला, म्हणजे दिवसभर घरात झोपलेले. टीव्ही होता, पण आवाज बंद ठेवून. लहानपणापासून तिनं जे काही पाहिलं ते मुकं, आणि तेही तुकड्यातुकड्यांत. धाकट्या भावानं चॅनल बदललं की सिनेमा तिथंच संपायचा. मी म्हटलं, "वडिलांना सांगायचं ना, दोन तास कानात बोळे घाला म्हणून!" तर माझ्यावरच उखडली. "बाबा रात्रभर भट्टीपुढे उभे असतात, काकू. त्यांची झोप मोडून सिनेमा बघू?"  मला गप्प करणारी माणसं फार नाहीत, ही त्यातली निघाली.

तिच्याकडे एक वही होती. राहिलेल्या सिनेमांची. एखादा पाहिला की खोडायची, पण चहाच्या तासाभरात चार नवी नावं कानावर पडायची, ती लिहायची. वर्षभरात वही कमी व्हायच्या ऐवजी दुसरी घ्यावी लागली. "माझी पाटी कोरीच राहणार बघा," म्हणायची. "हे सगळे लहानपणापासून बघतायत. मी कधी गाठणार यांना?"

एकदा तर खोटं बोलून बसली. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, "हो, लहानपणी पाहिलाय." तीनवेळानं लगेच विचारलं, "मग शेवट कसा वाटला?" ही म्हणाली, "छान आहे, सगळे एकत्र येतात." सगळे एकदम चहाच्या कपात बघायला लागले. वर येऊन मुसमुसत मला सांगत होती, "आख्खी बोट बुडते म्हणे, काकू. एकही माणूस उरत नाही." मी आधी पोट धरून हसले. मग तिचा चेहरा बघितला आणि माझीच मला लाज वाटली.

मंडळाचा एक नियम होता. नव्या माणसानं एकदा तरी खेळानंतर उभं राहून दहा मिनिटं त्या सिनेमावर बोलायचं. सुतळीची पाळी आली ती एका जुन्या, दुर्मीळ सिनेमाला. तो दुसरीकडे कुठं बघायलाही मिळत नव्हता. सहा डब्यांत सहा रिळं, तीसुद्धा दुरून मागवलेली. आठवडाभर पोरीचं खाण्यापिण्यात लक्ष नव्हतं. मला म्हणाली, "हे जमलं तर मी इथली. नाही जमलं तर वह्या रद्दीत टाकते आणि गपगुमान काचा घासत बसते. तसं मला कुणी बोलावलं नव्हतंच."

"डोंबल तुझं!" मी म्हटलं. पण ती खरंच बोलत होती, हे मला कळत होतं.

रविवार आला. रीळ मशीनवर चढवताना मी डब्यावरचा आकडा कधी बघत नाही. डबे अदलाबदल होतात. रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवर आकडा लिहिलेला असतो, तो बघायचा. त्या दिवशी पट्टी डोळ्यांपुढे धरली तर नुसता काळा ठिपका. डोळे चोळले, तरी तेच. सुतळीनं महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, "काकू, तुमचा जवळचा नंबर वाढलाय, दुकानात या." मी म्हटलं होतं, माझे डोळे मला ठाऊक. आता तिच्यासमोर पट्टी पुढं करून 'वाच गं' म्हणायचं? जीभ रेटली नाही. डब्यावरचे आकडे मोठे होते, ते बघून रिळं लावली.

मी काही सिनेमा बघत नसते. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, तेव्हा दुसरं मशीन सुरू करायचं. काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा पडदा त्या मशीनवर द्यायचा. पापणी लवली की चुकलं. त्यामुळे माझी नजर कोपऱ्यात असते, बाकी पडद्यावर कोण हसतंय, कोण मरतंय, मला पत्ता नसतो. मधे एकदा सुतळी माझ्याकडे वळून काहीतरी विचारायला लागली. मी खेकसले, "गप बस, ठिपका येईल." ती पुन्हा पडद्याकडे वळली.

खेळ संपला, ती खाली गेली, मी खिडकीला कान लावला. आधी सर बोलले. सिनेमात काळ कसा मागेपुढे केलाय, आठवण आणि वर्तमान कसे एकमेकांत मिसळलेत, बरंच काही. तीनवेळा म्हणाला, "मला तर याची खोली तिसऱ्यांदा बघितल्यावर कळली." मग सुतळी उभी राहिली. दोनदा घसा खाकरला. शेवटी म्हणाली, "मला... मधला भाग कळलाच नाही. सॉरी." आणि खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर हात ठेवून म्हटलं, "होतं गं असं. अजून पुष्कळ बघायचंय तुला."

शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

ती वर आली. रडत नव्हती, त्यानं मला जास्त भीती वाटली. दोन्ही वह्या माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "रद्दीत टाका काकू. माझ्यानं होणार नाही. जाते मी." दारापर्यंत गेली आणि थांबली. "एकच विचारू? त्या इस्त्रीवाल्या बाईचा हात इस्त्रीनं भाजतो ना, मग त्याच्या आधीच हाताला पट्टी कशी होती? आणि मुलगी तर गाव सोडून गेली होती, ती परत घरात भांडी कशी घासत होती? त्यांना कसं कळलं? मला का नाही कळलं?"

 मी चौथ्या डब्यातलं रीळ काढलं, पट्टी मोकळी केली आणि गुमान तिच्यापुढे धरली. "वाच."

तिनं उजेडात धरली. "पाच."

पाचव्या डब्यातली पट्टी तिनं न सांगता स्वतःच घेतली. त्यावर चार होता.

मी स्टुलावर बसले. सव्वीस वर्षांत एक रीळ उलटसुलट लागलं नव्हतं. मॅनेजरला ही खोली सामान ठेवायला हवीच होती, तो निमित्ताची वाट बघत होता. सुतळी माझ्याकडे बघत राहिली आणि तिला सगळंच कळलं. डोळ्यांचंसुद्धा. तिनं रिळं पटापट आपापल्या डब्यात ठेवली, झाकणं लावली. "काकू, कुणाला सांगायचं नाही," ती हळूच म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना आवडलाय सिनेमा, आवडू दे. मी तसंही येणार नाहीच आहे. उद्या दुकानात या, मी स्वतः तपासते डोळे."

काय बोलावं या पोरीला! पन्नास माणसांत तोंडघशी पडून आली होती, चूक माझी, आणि ही माझी अब्रू सांभाळत होती.  मला राग आला, तिचा, माझा, सगळ्यांचाच. मी तिचं मनगट धरलं आणि जिना उतरले.

खाली चहा चालू होता. मॅनेजरही तिथंच. मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे रस्त्यावरही ऐकू गेलं असेल. "आज मी चौथ्याच्या जागी पाचवं रीळ लावलं आणि पाचव्याच्या जागी चौथं. मला आकडा दिसला नाही, आणि विचारायची लाज वाटली. तुम्ही जो बघितलात तो सिनेमा कुणी काढलेलाच नाही. पन्नास जणांत चूक हिच्या एकटीच्या लक्षात आली, आणि ती सॉरी म्हणून खाली बसली."

 मॅनेजर म्हणाला, "बाई, जरा केबिनमध्ये या."

"येते. आधी काम संपू दे."

तीनवेळा म्हणाला, "मला वाटलंच होतं काहीतरी गडबड आहे."

"मग बोलला का नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्याला एकदम बिस्कीट घ्यायची आठवण झाली.

सर मात्र जमिनीकडे बघत होते. म्हातारा माणूस, कान लाल झाले होते. मग म्हणाले, "मी हा सिनेमा आज पहिल्यांदाच पाहिला. वीस वर्षं वर्गात शिकवला, पण पुस्तकात वाचून. बघायला कधी मिळालाच नाही, आणि तसं म्हणायचा धीर झाला नाही." मला वाटलं होतं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. सर सुतळीकडे वळले. "तू नेमकी कुठे अडखळलीस, सांगशील मला?"

तिनं सांगितलं. बाईच्या हाताच्या पट्टीचं, मुलीचं, आणि मला न दिसलेल्या आणखी चार गोष्टींचं. आवाज बंद असताना माणसांच्या हातांकडेच बघायची तिची सवय. सर खिशातून कागद काढून लिहून घेत होते.

"आता बोलशील दहा मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"आधी बघते, सर," सुतळी म्हणाली. "मी हा पाहिलेला नाही."

इतकं सरळ म्हणाली, जसं दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं, ही फ्रेम नाही आमच्याकडे.

ती दोन रिळं आता नीट क्रमानं लावते म्हटल्यावर तीसेक जण पुन्हा आत जाऊन बसले. ती माझ्यामागून जिना चढायला लागली, मी तिला हाकललं. "खाली बैस. पट्ट्या वाचून दे आणि पळ. वरून कसला सिनेमा दिसतो!" तिनं पट्ट्या वाचल्या, मी चौथं रीळ एका मशीनवर आणि पाचवं दुसऱ्यावर चढवलं. खिडकीतून बघते तर बाईसाहेब पहिल्या रांगेत, अगदी मधोमध.

पडद्यावर इस्त्रीवाली बाई होती. मुलगी पेटी उचलते, दोघी काही बोलत नाहीत, मुलगी बाहेर पडते. बाई खिडकीशी उभी राहते. रस्ता लांबच लांब, आणि मुलगी लहान लहान होत जाते. बाईचा एक हात मागे चाचपडतो, कपडा शोधत असावा, आणि शेजारी तापलेली इस्त्री. तिचं लक्षच नाही. हात सरकतोय, ती रस्त्याकडेच बघतेय.

"अगं, हात!" सुतळी हॉलमध्ये मोठ्यानं ओरडली.

माझाही हात मी छातीशी ओढून घेतला होता. गालांवर पाणी कधी आलं कळलं नाही. ती बाई हात भाजला तरी रस्त्याकडेच बघत होती, आणि मी तिच्याकडे. तेवढ्यात पडदा पांढराफेक झाला. रीळ संपून शेपूट फटफट वाजत होतं. कोपऱ्यात ठिपके येऊन गेले असणार, दोन्ही.

खालून शिट्ट्या, टाळ्या. आणि इतके दिवस या हॉलमध्ये श्वासही जपून घेणारी सुतळी खुर्चीवर गुडघे टेकून मागं वळली आणि सगळ्यांच्या डोक्यावरून माझ्या खिडकीकडे बघत खणखणीत ओरडली, "काकू, लक्ष कुठंय तुमचं?"

"सिनेमात!" मी वरून ओरडले.