अकलोलीचं ऊन पाणी

भांडुपच्या टेकडीवर राहणारी शेवंती मेस्त्री हात पदरात गुंडाळून बसायची. उन्हाळ्यातसुद्धा. शेजारणींना वाटायचं, ही बाई जरा मानी आहे, कुणाच्या ताटातलं पटकन उचलत नाही, कुणाच्या पोराचा गालगुच्चा घेत नाही. खरं म्हणजे तिला स्वतःचे हात लोकांना दाखवायचे नसायचे.

लग्न होऊन मालवणाकडून मुंबईत आली तेव्हापासून ती डॉकवरच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जायची. मोठ्या टबात बर्फाचा चुरा, त्यात कोळंबी, आणि टबाभोवती पाटावर बसलेल्या बायका. डोकं मोडायचं, साल काढायची, काळा दोरा ओढायचा, पुढची घ्यायची. नवरा गेला, मुलगा निलेश मोठा झाला, कुरिअरच्या ऑफिसात लागला, तरी टब होताच. शेवटी निलेशच म्हणाला, "आई, आता बस कर." तिने बस केलं. पण बोटं कायमची पांढुरकी, सुरकुतलेली राहिली, आणि मासळीचा वास अजून येतो असं तिला उगाच वाटत राहिलं.

टबाच्या पलीकडे तिच्यासमोर वर्षानुवर्षं बसायची ती पेट्रिशिया. गोराईची. पहाटेच्या होडीने खाडी ओलांडून यायची. शेवंती तिला पॅटी म्हणायची. काम सुटलं तरी दोघींचं फोनवर बोलणं सुटलं नाही. मागच्या जानेवारीत एकदा पेट्रिशियाच म्हणाली, "वज्रेश्वरीला येतेस? माझी मावशी सांधे धरले की बैलगाडीने जायची तिथे, गरम पाण्याच्या कुंडांत. लॉईड व्हॅन घेऊन येतोय. सकाळी जायचं, दिवेलागणीला घरी."

"देवीची ओटी भरायची राहिलीच आहे माझी," शेवंती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण रात्रभर तिला नीट झोप आली नाही. कामाशिवाय पहाटे घराबाहेर पडायची तिला सवयच नव्हती.

बोरिवलीला हायवेच्या पुलाखाली ती व्हॅनमध्ये चढली. पेट्रिशियाचा मुलगा लॉईड गाडी चालवत होता, कमी बोलणारा, हसरा. पेट्रिशियाने डबा उघडला. त्यात मैद्याचे गोल, फुगलेले, तळलेले फुगे होते. "खा गं, अजून ऊन आहेत." वसईची खाडी मागे पडली, शिरसाडला गाडी आत वळली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धुकं असं उतरलं की पुढचा टेम्पोसुद्धा दिसेना. नुसते त्याचे लाल दिवे तरंगत होते. शेवंती काचेला डोकं टेकून बघत राहिली. झाडं येत होती आणि विरघळत होती. आपण कुठे चाललोय हे जणू आपल्याला कुणीतरी झोपेत सांगतंय, असं तिला वाटलं.

वज्रेश्वरीचं देऊळ उंचावर, दगडी पायऱ्यांचं, दारावर नगारखाना असलेलं, लहानशा किल्ल्यासारखं. शेवंतीने ओटी भरली. बाहेर पेट्रिशिया चपलांजवळ बसून एका पुजाऱ्याशी गप्पा मारत होती. शेवंती आल्यावर म्हणाली, "ऐकलंस? वसईचा किल्ला पडू दे, देऊळ बांधतो, असा तुमच्या चिमाजी आप्पाने नवस केलेला म्हणे. म्हणजे नवस तुमचा फळला आणि पोर्तुगीज पळाले. आम्ही बिचारे मधल्यामध्ये तिथेच मासे मारत राहिलो." दोघी पायऱ्या उतरेपर्यंत हसत होत्या.

अकलोलीची कुंडं तिथून जवळच, तानसा नदीच्या काठी. लॉईड चहा प्यायला थांबला आणि या दोघी पुढे गेल्या. नदीवर धुकं होतंच, त्यात कुंडांची वाफ मिसळली होती. कुठून पाणी संपतं आणि कुठून हवा सुरू होते, कळत नव्हतं. गंधकाचा वास होता. काळ्या दगडांच्या चौकोनी कुंडांत बायका गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या. त्यांची डोकी तेवढी वाफेतून दिसत होती, डोळे मिटलेली.

कडेचं एक कुंड रिकामं होतं. शेवंती त्याच्या काठावर वाकली आणि तिने दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले. पाणी स्वच्छ होतं, तळाशी बुडबुडे दिसत होते. ती ते बघत राहिली.

"अहो मावशी! हात काढा!" पलीकडून एक बाई ओरडली. "ते कढत आहे!"

शेवंतीने वर पाहिलं. कुणाला सांगतायत? तेवढ्यात पेट्रिशियाने तिचे दंड धरून तिला मागे ओढलं. हात मनगटापर्यंत लालबुंद झाले होते.

"वेड लागलं का तुला? भाजलं नाही?"

शेवंती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग इतकी वर्षं मुंबईत न काढलेली बोली तोंडातून निघाली. "माका काय कळनाच नाय गो, पॅटी."

पेट्रिशियाने पिशवी उघडली. गार पाण्याची बाटली तिच्या हातांवर रिकामी केली, दुसरीही केली. फोड आले नव्हते. मग तिला कोमट कुंडाशी नेलं. पायरीवर बसवलं, आणि दोघी साडीसकट हळूहळू पाण्यात उतरल्या. लाल हात तेवढे वर, काठावर ठेवलेले.

पाणी गुडघ्यांपर्यंत आलं, पोटापर्यंत आलं, खांद्यांवरून गेलं. शेवंतीचं अंग सैल पडलं. ही ऊब तिच्या पाठीला कळत होती, मानेला कळत होती. तिचे डोळे मिटले. बर्फ फोडल्याचा आवाज आला, मग तो आवाज लांब गेला. आईच्या परसातलं चुलवण, त्यावरचा तांब्याचा हंडा, पाठीवर पाणी ओतणारं कुणीतरी. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा धुक्यातून ऊन गळत होतं आणि पेट्रिशिया समोर होती, जशी टबापलीकडे असायची तशीच.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काम सोडायच्या आधीपासून. कोणाला सांगितलं नाही. निलेशला वाटेल, माझ्यामुळे झालं." थोडी थांबून शेवंती म्हणाली, "दिवाळीत नात झाली ना. श्रुतिकाने मांडीवर दिली. सगळे म्हणतात, लोण्यासारखी आहे. मी हात फिरवते तर मला काहीच लागत नाही. बाहुली धरल्यासारखं वाटतं. मग मी परत देते. श्रुतिकाला वाटतं, सासूबाईंना मुलगी नको होती."

पेट्रिशिया पुढे सरकली. तिने आपला ओला गाल शेवंतीच्या गालाला लावला आणि तसाच ठेवला.

"लागतं?"

"लागतं," शेवंती म्हणाली. "खरखरीत आहे."

"मग हातांचं काय घेऊन बसलीस? आणि तुझ्या सुनेला सांग, यार. तिने काय समजून घ्यायचं?" पेट्रिशिया म्हणाली आणि दोघी रडता रडता इतक्या हसल्या की शेजारच्या बायकांनी डोळे उघडले.

संध्याकाळी शेवंती घरी पोचली तेव्हा केसांना अजून गंधकाचा वास होता. श्रुतिका बाळाला पावडर लावत होती. शेवंती तिच्याजवळ जमिनीवर बसली, पदरातून हात काढले आणि सगळं सांगितलं. कढत कुंडाचंही. श्रुतिकाने पावडरचा डबा खाली ठेवला. मग तिने बाळ उचललं आणि स्वतःच सासूच्या गालाशी नेलं. शेवंती हलली नाही. त्या इवल्याशा गालाला दुधाचा, उबेचा, जिवंतपणाचा स्पर्श होता. बाळाने तिचा कान धरला.

पुढच्याच आठवड्यात निलेश तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. थोडं परत येईल, सगळं येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मधल्या बोटांत अधूनमधून मुंग्या येतात, तेवढ्यानेही ती खूश असते.

या हिवाळ्यात लॉईडची व्हॅन पुरली नाही. शेडमधल्या जुन्या बायका निघाल्या होत्या, कुणी भांडुपहून, कुणी गोराईहून, एक तर थेट दिंडोशीहून, आणि मोठी गाडी करावी लागली. शेवंती काठावर उभी राहून प्रत्येकीला आधी पाय घालून बघायला लावत होती. सगळ्या कुंडात शिरल्या, गप्प झाल्या, आणि वाफेत दिसेनाशा झाल्या. क्षमा नावाची एक जण तर बाहेर यायलाच तयार नव्हती. "तुम्ही जेवून घ्या गं," ती डोळे न उघडता म्हणाली, "मी इथेच आहे."