भट्टी बंद झाल्यावर

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, "काय काम करता?" की हे सांगायचे, "पाणी तापवतो." उभी हयात अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात काढली, आणि उत्तर हे! मी कपाळाला हात लावायची.

सासूबाईंना मात्र सगळं नीट समजावलं होतं. युरेनियमच्या अणूचा गाभा फुटतो, त्यातून उडालेले कण शेजारचे गाभे फोडतात. तुकडे आणि कण एकत्र तोलले तर मूळच्यापेक्षा किंचित कमी भरतात. ती घट ऊर्जा होऊन बाहेर पडते. सूर्यात उलटं. तिथे हलके गाभे जुळून एक होतात, पण घट येतेच.

"फोडलं तरी घट, जोडलं तरी घट," सासूबाई म्हणाल्या. "हा तर सोनाराचा धंदा झाला."

त्याच सासूबाई पुढे इस्पितळात होत्या. एका दुपारी डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. मी फोन केला. हे म्हणाले, "एक पंप कुरकुरतोय म्हणून भट्टी बंद केलीय. पाळी संपली की निघतो."

मी सासूबाईंना सांगितलं, "आई, भट्टी बंद झाली. येतायत हे." त्यांनी मला कूस दाराकडे वळवून द्यायला लावली.

पाळी संपली. पुढच्या पाळीचा इंजिनिअर आला, कामात मुरलेला माणूस. म्हणाला, "तुम्ही जा. आई वाट बघतायत. मी आहे ना."

पण ह्यांचा पाय निघेना. गाभे फुटायचे थांबले तरी फुटलेले तुकडे तापतच राहतात, चूल विझवल्यावर निखारे राहतात तसे. त्यांच्यावरून पाणी फिरतं ठेवावं लागतं. राखीव पंप सुरू होता, ठणठणीत होता. तरी हे "थोडा वेळ बघतो" म्हणत तिथेच बसले. दुसऱ्यावर काम सोपवायचं म्हटलं की ह्यांचा जीव वरखाली. घरातला गॅससुद्धा मी बंद केला की हे परत जाऊन बघणार.

"भट्टी बंद झाली ना गं?" सासूबाई म्हणाल्या. "मग अडलंय कुठे त्याचं?"

मी निखाऱ्यांचं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "निखाऱ्यापाशी बसायला दुसरं कुणीच नाही का?"

मी त्यांची चादर सारखी केली. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

हे आले तेव्हा तोंडावर चादर ओढून झाली होती. मी फटकळ बाई. चांगलं फैलावर घेणार होते. पण हेच बोलले. "राखीव पंप छान चालला. मला हातसुद्धा लावावा लागला नाही."

पुढे हे निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी तोंड भरून सांगितलं की हा माणूस कधी काम टाकून गेला नाही. घरी येऊन हे बूट न काढताच बसले.

"तेवढं एकदा टाकून यायला हवं होतं गं," म्हणाले.