तक्रार कोणी केली

बाविसाव्या वर्षी शिडीवरून पडल्यापासून तिने ब्रश हातात धरला नव्हता, तरी सगळे तिला रंगारीणच म्हणत. पायांतलं बळ गेलं. भिंती घासून कमावलेले खांदे मात्र शाबूत होते. त्या खांद्यांच्या जोरावर, तीन चाकांच्या शर्यतीच्या खुर्चीत बसून, तिने नऊ वर्षांत चारदा अजिंक्यपद मिळवलं.

पाचव्या खेपेला शर्यत महिन्यावर आली असताना शर्यती भरवणाऱ्या मंडळाचं पत्र आलं. 'पायांत बळ नसलेल्यांच्या गटात खेळूनही आपण पायांवर उभ्या राहता अशी तक्रार आहे. फेरतपासणीस यावे.'

खोटं नव्हतं. सकाळी बेसिनला धरून ती दहा आकडे मोजेपर्यंत उभी राहायची. डॉक्टरांच्या कागदावरही ते होतं. पण बाहेर कोणी नेलं?

"वहिनी, बेसिनचं कुणाजवळ बोललीस?"

"मला काय पडलंय? भावाला विचार."

भावाला विचारलं, तर तो ताटावरून उठूनच गेला. मग खुर्चीची चाकं जुळवणारा मिस्त्री आठवला. तो एकदा भल्या सकाळी खुर्ची पोचवायला आला होता, तेव्हा त्याने पाहिलं असेल. पत्र आल्यापासून ती चाकांचे नट स्वतः आवळू लागली, घरातलं कुणी पुढे केलेलं पाणीही घेईना. संशय एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा दोन दिवसांत जात नाही.

फेरतपासणीला दोन डॉक्टरांनी गुडघे ठोकले, टाचणी टोचली, उभं केलं. सातव्या आकड्याला ती कोसळली. गट तोच राहिला.

बाहेर बाकावर तिचे प्रशिक्षक बसले होते, नऊ वर्षं तिला शिकवणारे सर.

"सुटले, सर."

"सुटणारच होतीस. म्हणून तर..." सर थांबले.

"म्हणून काय?"

"तक्रार मीच केली. दुसऱ्या कुणी पदक मिळाल्यावर केली असती, तर ते अडकलं असतं."

"मला विचारायचं तरी."

"हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

पाचवं पदक तिने अर्ध्या सेकंदाने मिळवलं. सरांना मात्र परत बोलावलं नाही. पुढची तीन वर्षं एकटीने सराव केला, त्या वर्षांत दोनदा हरली.

मिस्त्रीची माफी तिने फेरतपासणीहून परतल्यावर लगेच, त्याच्या दुकानात जाऊन मागितली होती. भावाचीही मागितली, तो नुसता "बरं" म्हणाला. वहिनीकडे गेली, तर वहिनी म्हणाली, "इतके दिवस माझ्याकडे चोरासारखं पाहिलंस. विसरीन, पण आज नाही."