दुसऱ्या गिअरमध्ये

साठी ओलांडलेल्या निवृत्त शास्त्रशिक्षकाला लाल, बुटकी, गुरगुरणारी गाडी शोभत नाही, हे मला मेहकरात कुणी सांगायची गरज नव्हती. तरी सगळ्यांनी सांगितलं. "सर, पोराची पँट घातल्यावानी वाटते," असं चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी हसून घेतलं. गाडी खरंच मुलाची होती. कॅनडाला जाण्याआधी त्याने हौसेने घेतलेली, रुंद टायरची, बूड इतकं खाली की प्रत्येक गतिरोधकावर मी श्वास धरायचो.

जाताना तो म्हणाला होता, "बाबा, आठवड्यातून एकदा फिरवत जा, नाही तं बॅटरी बसते." ते काम मी इमानाने केलं.

बायको होती तोवर फोन तिचा असायचा. मायलेकांचं तास तासभर चालायचं. शेवटी ती फोन माझ्या कानाला लावायची, मी "बरा आहेस ना?" म्हणायचो, तो "हाव" म्हणायचा, झालं. तीन वर्षांपूर्वी ती गेली, फोन माझ्या हातात आला, आणि बोलायचं काय हे आम्हा दोघांनाही कळेना. तेव्हा गाडी कामाला आली. दर रविवारी तो विचारायचा, "फिरवली काय?" मी म्हणायचो, "फिरवली. सुलतानपूरपर्यंत." मग टायरची हवा, मग ऑइल. कधी कधी मी मुद्दाम एखादी तक्रार तयार ठेवायचो. डाव्या दारातून आवाज येतो म्हणायचो, की तो दहा मिनिटं खोदून खोदून विचारायचा. दाराला काहीही झालेलं नसायचं.

मग त्याचे तिकडचे कायमचे कागद झाले. "आता मी काही लवकर येत नाही बाबा, उगाच गाडी सडवून काय फायदा?" त्याने इंटरनेटवर गिऱ्हाईकही पाहिलं, दुसरबीडचं. मी फक्त गाडी नेऊन द्यायची होती. मी "बरं" म्हणालो. गाडी गेली तर मला काय विचारशील रे, असं तोंडावर आलं होतं, पण बापाने मुलाला असलं काही विचारायची आमच्या घरात रीत नाही.

माघ चालू होता. दुपारी निघालो तेव्हा आभाळ भरून आलेलंच होतं, पण म्हटलं, तासाभराचा तर रस्ता आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून हा जुना रस्ता ओस पडला आहे. ढाब्यांची अर्धी शटरं खाली. बीबी गाव मागे पडलं आणि टपावर एक टक् झालं. मग दुसरं. मग अख्खं आभाळच अंगावर ओतलं कुणीतरी. मी गाडी बाजूला घेऊन काचा बंद करून आवळ्याएवढ्या गारांचा मार ऐकत बसलो. पंधरा-वीस मिनिटं. एवढ्या आवाजात माणूस आणखीच एकटा पडतो. मी मोठ्याने "अरे बस कर ना आता" असं म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

थांबलं तेव्हा समोर रस्ता नव्हता. पांढरं सगळं. वीतभर थर, शेतात, धुऱ्या-बांधांवर, डांबरावर. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. मी गाडी चालू केली आणि चढावर घातली. चाकं गरागरा फिरली, इंजिन ओरडलं, गाडी तसूभर हलली नाही. आणखी दाबलं तर नाक आपोआप नालीकडे वळायला लागलं. गाडी नालीत घालून मुलाचं शेवटचं काम बिघडवायचं नव्हतं.

बाजूच्या गोठ्यातून एक म्हातारा शेतकरी बाहेर आला, मागून त्याचे दोन धिप्पाड पुतणे. डोक्यावर बारदानाच्या खोळी. म्हाताऱ्याने आधी आपल्या हरभऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हरभरा पार झोडपून निघाला होता. मी मेहकरचा मास्तर असल्याचं सांगितलं आणि काहीतरी सांत्वनाचं पुटपुटलो.

"गेला तं गेला," तो म्हणाला. "तिकडं पाहून तो उभा होणार हाय काय? तुमची गाडी तं काढू." मग पुतण्यांना, "आणा बे दोन पोते. टाका मांगं. ट्रॅक्टरले मांगं वजन असल्याशिवाय पकड येते काय?"

आमच्याकडे सगळ्यांना हेच ठाऊक. ट्रॅक्टर, जीप, ट्रक, जे काही अडतं ते मागच्या चाकांवर चालणारं. त्यांनी सोयाबीनची दोन पोती डिकीत कोंबली, एक पुतण्या मागच्या सीटवर बसला, दुसऱ्याने ढकललं. मी तीस वर्षं पोरांना घर्षण शिकवलं, फळ्यावर बाण काढून. आणि मान डोलावत "हो, बरोबर" म्हणत होतो. दिव्याखाली अंधार तो हाच. गाडीचं नाक वर उचललं गेलं आणि चाकं पहिल्यापेक्षा जोरात जागच्या जागी फिरली.

शेवटी मुलाला फोन लावला. तिकडे पहाटेचे सहा असणार, झोपेतून उठवतोय म्हणून बिचकतच लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. गारा पडल्या. गाडी सरकत नाही. तू झोपला होतास काय?"

"झोप कुठली? गाडीवरचा बर्फ काढून राह्यलो. ड्यूटीवर जायचं हाय." फावड्याचा खरखर आवाज येत होता. "कितीक हाय तिथं?"

"वीतभर."

"माह्याकडं कमरेएवढा हाय," तो म्हणाला आणि हसला. किती दिवसांनी हसला. मग पोत्यांचं सांगितलं तसा ओरडलाच. "डिकीत? काढा आधी! या गाडीचं ओढणं समोरच्या चाकाले हाय बाबा. समोरून वजन उचललं तं पकड कशी येईन?"

फोन गाडीच्या स्पीकरवर होता. म्हाताऱ्याने खिडकीतून डोकं आत घातलं होतं. त्याला क्षणात कळलं. "म्हंजे उलाळ झाली की गाडी!" बैलगाडीत मागे भार जास्त झाला, की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, त्याला उलाळ म्हणतात. "आधी काऊन नाही सांगतलं मास्तर, ही बैलगाडीसारखी हाय म्हणून?"

डिकी रिकामी झाली. एक पोतं पुढच्या सीटसमोर पायात, दुसरं सीटवर, आणि त्यावर स्वतः म्हातारा, डोकं टपाला टेकवून. पुढच्या दोन्ही चाकांखाली रिकामी बारदानं. मुलगा तिकडून सांगत होता, "पहिला नाही, दुसरा गिअर टाका. क्लच हळूच सोडा. अॅक्सिलेटरले हात नका लावू."

"पाय," मी म्हणालो.

"हाव, पाय. पाह्यजा, ब्रेक दाबायचा नाही. स्टेअरिंग हळू." गाडी कण्हली आणि चालायला लागली. करकर करकर असा गारा चिरडण्याचा आवाज. म्हाताऱ्याने "चल रे माह्या राजा" म्हणत डॅशबोर्ड थोपटला.

चढ संपला तिथे तो उतरला. मागून पुतणे चालत आले, पोती खांद्यावर घेतली. मी हात जोडले तर म्हणाला, "पोरगं चांगलं हाय तुमचं. बोलत राहा त्याच्याशी." आणि ते तिघं आपल्या पांढऱ्या शेताकडे निघून गेले.

पुढे उतार होता. मुलगा फोनवरच होता. तिकडे पहिल्या वर्षी बर्फावर घसरून त्याची गाडी कशी उलटी फिरली होती ते तो सांगत होता. तेव्हा तो एकटा रडला होता म्हणे. हे त्याने आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मी "मग?" म्हणत होतो, तो सांगत होता.

उतार संपला आणि गाराही संपल्या. कुणीतरी विळ्याने कापावी तशी रेघ होती रस्त्यावर. पलीकडे काळं, कोरडं डांबर, दुसरबीडपर्यंत.

"लागलं काय डांबर?" त्याने विचारलं.

हो म्हटलं असतं तर तो "बरं मग, गाडी देऊन फोन करा" म्हणून कामाला लागला असता.

"नाही," मी म्हणालो. "गाराच आहेत अजून."

"मंग दुसऱ्यातच राहू द्या. घाई नका करू."

मी रिकाम्या कोरड्या रस्त्यावर सायकलच्या वेगाने गाडी चालवू लागलो. तो विचारत होता आता कसं वाटते, घसरते काय, आणि मी म्हणत होतो, थोडी थोडी. मध्येच त्याने विचारलं, रात्री जेवायला काय करता. मी सांगितलं. खिचडी, बहुतेक वेळा. गुडघ्याचंही सांगितलं. कधी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एसटी आली. लांबलचक हॉर्न देत, खडखडत, भर्रकन बाजूने पुढे गेली. वीतभर गारांवरून कुठलीच एसटी तशी जात नाही.

फावड्याचा आवाज थांबला. माझी चोरी पकडली गेली होती आणि मला भयंकर लाज वाटत होती.

"बाबा," तो हळू आवाजात म्हणाला, "गारा लयच दिसून राह्यल्या तिकडं. हळूहळूच या. मले आज उशीर झाला तरी चालते."