बीपी हाय

नाथाला बूड टेकून बसणं ठाऊकच नव्हतं. मिठागरावरून आला की खाडीचा बांध बघायला जायचा, बांध बघून आला की गोठ्याचं दार ठोकायला घ्यायचा. पानात भात पडेपर्यंत त्याला दम निघत नसे, आणि वर मीठ मागायचा ते वेगळंच. "यांच्या पायाला भिंगरी हाय," बायको हौसा सगळ्या आळीला सांगायची.

दिवाळीनंतर गावच्या शाळेत तपासणीचं शिबिर आलं. शहरातल्या नर्सबाईंनी नाथाच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, एक चिठ्ठी हातात दिली. "बीपी हाय. डॉक्टरांना दाखवा. चला, पुढचे या."

आता पेणच्या खाडीकाठी हाय म्हणजे आहे. एक तर हाय, नाय तर नाय, संपला विषय. मागच्या साली शेजारचा जनू घेरी येऊन पडला तो गेलाच, तेव्हा डॉक्टर म्हणालेला, याचं बीपी लागतच नाय. तेव्हापासून हौसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं की बीपी नसलं की माणूस जातो. नवऱ्याचं हाय म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात राहिली नि सदऱ्याबरोबर धुऊन निघाली.

पुढे सकाळी सकाळी नाथाचं डोकं ठणकायला लागलं. उगाच खेकसायचा. "ऊन लागलं असंल," हौसाच म्हणायची.

फाल्गुनात एका सकाळी त्याच्या उजव्या हातातली भाकरी गळून पडली. तोंड वाकडं झालं. हौसाने त्याला रिक्षात घालून पेणला नेलं.

"बीपीचं माहीत नव्हतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हतं ना. हाय म्हणून सांगितलेलं."

डॉक्टरांच्या ध्यानात घोळ आला. मग स्टूल ओढून समोर बसले. "मावशी, हाय म्हणजे जास्त. भरतीचं पाणी बांधाला रेटतं ना, तसं रक्त नसांना आतून रेटत होतं. दुखलं नाही तरी रेटतच राहतं. आज डोक्यातली नस फुटली."

हौसाला लगेच कळलं. एवढ्याशा शब्दापायी चार महिने गेले, याची तिला स्वतःचीच चीड आली.

नाथा वाचला, पण उजवा हात गेला. आता तो दिवसभर ओटीवर बसून असतो आणि हौसाचा पाय घरात ठरत नाही. दारोदार जाऊन बायकांना हटकते, "हाय-नाय नको सांगू, आकडा सांग गो."

परवा जनूच्या बायकोने विचारलं, "आनि तुझा किती गो?"

हौसा पुढच्या दारी गेली. तिने अजून पट्टा बांधून घेतलेला नाही. तिला भीती वाटते.